डॉ. ग्रेनफेल ह्यांचे तीन कुत्रे

आपल्या खेड्यांत कुत्रा हा शब्द बहुधा शिवी म्हणूनच तोंडी येतो. धनगराच्या वाड्यावर, खळ्यावर व घराच्या ओसरीवर तो रात्रभर राखण करतो; भाकरीचा तुकडा मिळाला तर खातो, न मिळाला तर उकिरड्यावर पोट भरतो; आणि त्याच्या चाकरीची आठवण कोणी ठेवीत नाही. देऊळगाव राजाच्या बाजारास येणाऱ्या गाड्यांस बैल जुंपलेले आपण सर्वांनी पाहिले आहेत. टांग्याचा घोडा व कुंभाराचे गाढवही पाहिले आहे. परंतु गाडीस कुत्रे जुंपलेले आपल्यापैकी कोणी पाहिले नसेल. तथापि पृथ्वीच्या उत्तरेकडे असे प्रदेश आहेत की, जेथे बैलाचा निभाव लागत नाही व घोडा चालत नाही. तेथे पूर्वी वर्षातील निम्म्याहून अधिक काळ मनुष्याचे जाणे-येणे, त्याचे सरपण, त्याचे अन्न आणि त्याचे औषध ही सर्व कुत्र्यांच्याच बळावर चालत असत. अशा एका प्रदेशात एका ख्रिस्ती वैद्याने आपले आयुष्य वेचले, आणि एके प्रसंगी तीन कुत्र्यांच्या प्राणांच्या मोलाने त्याचे प्राण वाचले. त्या वैद्याचे नाव डॉ. विल्फ्रेड ग्रेनफेल. त्यांचे चरित्र वाचकांस येथे थोडक्यात सादर करीत आहोत.

विल्फ्रेड ह्याचा जन्म इ.स. १८६५ च्या फेब्रुवारीच्या २८ व्या तारखेस इंग्लंडातील पार्कगेट ह्या समुद्रकाठच्या गावी झाला. त्याचे वडील शाळेचे मुख्याध्यापक असून पाळकही होते. डी नदी समुद्रास मिळते तेथे वाळूचा मोठा विस्तार आहे. भरतीच्या वेळी तो पाण्याखाली जातो व ओहोटीस उघडा पडतो. त्या वाळूवर व त्या पाण्यात नाव वल्हवीत, पक्षी टिपीत व थंडीवाऱ्याची पर्वा न करता विल्फ्रेड वाढला. अभ्यासापेक्षा साहसाची आवड त्यास अधिक होती. पुढे तो लंडन येथील मोठ्या इस्पितळात वैद्यक शिकू लागला. शहराच्या त्या पूर्व भागात दारिद्र्य, दारू व रोगराई ह्यांचे जे चित्र त्याच्या दृष्टीस पडले ते त्याच्या मनातून कधी गेले नाही.

विद्यार्थी असतानाच एके सायंकाळी रोग्यास पाहून परतताना तो सहज एका मोठ्या तंबूत शिरला. तेथे अमेरिकेतील सुप्रसिद्ध सुवार्तिक मूडी ह्यांची सभा चालली होती. कोणी एक गृहस्थ प्रार्थना करीत होते, आणि ती प्रार्थना काही केल्या संपेना. कंटाळून विल्फ्रेड उठणार, इतक्यात मूडी ह्यांनी सभेस सुचविले की, आपले बंधू प्रार्थना संपवीत आहेत तोवर आपण एक गीत गाऊ या. धर्माच्या कामात इतका व्यवहारीपणा असू शकतो हे पाहून त्या तरुणास नवल वाटले व तो थांबला. तेथे ऐकलेला उपदेश त्याच्या मनात घर करून राहिला. काही काळाने दुसऱ्या एका सभेत, ख्रिस्ताच्या सेवेस जे तयार आहेत त्यांनी उभे राहावे असे सांगण्यात आले, तेव्हा सोबत्यांची लाज बाजूस सारून तो उभा राहिला. आपला धर्म आता हातांनी करावयाचा, असे त्याने ठरविले.

इ.स. १८८८ मध्ये वैद्यकाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्यावर डॉ. ग्रेनफेल ह्यांनी खोल समुद्रातील कोळ्यांकरिता काम करणाऱ्या एका मिशनची नोकरी पत्करली. उत्तर समुद्रात महिनोन् महिने गलबतांवर राहणाऱ्या कोळ्यांस ना दवाखाना होता, ना उपासना. दारू विकणारी गलबते मात्र त्यांच्या मागे मागे फिरत. तेथे काही वर्षे काम केल्यावर मिशनने त्यांस अटलांटिक महासागर ओलांडून न्यूफाउंडलंड व लॅब्राडोर येथील कोळ्यांची स्थिती पाहण्यास पाठविले. इ.स. १८९२ च्या जुलै महिन्यात ते आल्बर्ट नावाच्या गलबतातून सेंट जॉन्स बंदरास पोहोचले, तेव्हा ते शहर नुकतेच आगीत जळून गेले होते. तेथून ते उत्तरेस लॅब्राडोरच्या किनाऱ्याने गेले. त्या एका उन्हाळ्यात सुमारे ९०० रोगी त्यांच्याकडे आले. त्यांपैकी पुष्कळांनी आपल्या जन्मात वैद्य पाहिला नव्हता.

हा लॅब्राडोर म्हणजे कसा मुलूख, हे आपण समजून घेतले पाहिजे. नकाशात पाहिले तर त्याचा दक्षिण भाग इंग्लंडाच्याच रेषेत येतो. परंतु इंग्लंडाच्या किनाऱ्याकडे समुद्राचा उष्ण प्रवाह वाहत जातो, आणि लॅब्राडोरच्या किनाऱ्याने ध्रुवाकडील थंड प्रवाह बर्फाचे डोंगर घेऊन खाली उतरतो. म्हणून एका ठिकाणी गहू पिकतो व दुसऱ्या ठिकाणी समुद्र गोठतो. आपण बर्फ पाहतो तो सरबताच्या गाडीवरचा. तेथे हिवाळ्यात खाड्यांचे सर्व पाणी दगडासारखे घट्ट होते व त्यावरूनच रस्ता चालतो. किनाऱ्यावर दूर दूर पाच-दहा घरांची वस्ती असते. ह्या लोकांत कित्येक इंग्रज कोळ्यांचे वंशज होते. आणि उत्तर भागात त्या भूमीचे मूळ रहिवासी इनुइट राहत असत. बाहेरचे लोक त्यांस पूर्वी एस्किमो म्हणत. त्यांच्यामध्ये मोरेव्हियन मंडळीच्या मिशनऱ्यांनी इ.स. १७७१ मध्ये नेन येथे ठाणे घातले होते. कोळ्यांचा सर्व व्यवहार व्यापाऱ्याच्या वहीवर चाले. तो उन्हाळ्याच्या आरंभी पीठ, मीठ व जाळी उधार देई आणि अखेरीस मासळी घेऊन टाकी. रोख पैसा कित्येकांच्या हाती कधी आलाच नाही. सावकाराच्या वहीची ओळख असलेल्या वऱ्हाडच्या शेतकऱ्यास ह्याहून अधिक सांगावयास नको.

डॉ. ग्रेनफेल पुन्हा परत आले. इ.स. १८९३ मध्ये बॅटल हार्बर येथे पहिले इस्पितळ सुरू झाले व त्याच्या पुढील वर्षी इंडियन हार्बर येथे दुसरे. इ.स. १८९६ मध्ये रेड बे येथे कोळ्यांचे सहकारी दुकान निघाले. पुढे न्यूफाउंडलंडच्या उत्तर टोकास सेंट अँथनी येथे इस्पितळ, अनाथगृह व शाळा उभी राहिली, आणि तेच त्यांचे घर झाले. उन्हाळ्यात ते आगबोटीने किनाऱ्याकिनाऱ्याने रोग्यांस पाहत फिरत. परंतु हिवाळ्यात बोट गोठून जाई, आणि आजारीपणास तर हिवाळा-उन्हाळा कळत नाही. तेव्हा त्या भूमीच्या कुत्र्यांशी त्यांची गाठ पडली.

हे कुत्रे आपल्या गावठी कुत्र्यांहून वेगळे. त्यांचे कान उभे, शेपटी पाठीवर वळलेली, आणि अंगावर केसांचे दोन थर: आत मऊ लोकर व वर राठ केस. ते लांडग्याच्या जवळचे दिसतात व लांडग्यासारखे विव्हळून ओरडतात. रात्री त्यांस घरात घेत नाहीत. बर्फात खळगा करून, शेपटी नाकावर ओढून ते निजतात, आणि सकाळी अंगावर साचलेला बर्फ झाडून उठतात. दिवसातून एकदाच, काम आटोपल्यावर, त्यांस सील नावाच्या समुद्रप्राण्याचे मांस किंवा मासळी खावयास मिळे. त्यांची गाडी बिनचाकी असते. ज्याप्रमाणे आपल्याकडे नांगर आडवा टाकून बैलांकडून शेतापर्यंत ओढत नेतात, त्याप्रमाणे ती लाकडी गाडी दोन लांब पट्ट्यांवर बर्फावरून घसरत जाते. तिला कोमॅटिक म्हणतात. लॅब्राडोरात प्रत्येक कुत्र्यास निराळी दोरी असते व दोऱ्यांची लांबी कमीअधिक असते. सर्वांत लांब दोरी म्होरक्याची. त्यास लगाम नाही, वेसण नाही. केवळ धन्याच्या हाकेवर तो उजवीकडे-डावीकडे वळतो व बाकीचे त्याच्या मागे जातात. हिमाचे वादळ सुटून हात दिसेनासा होतो, तेव्हा शहाणा गाडीवान आपली बुद्धी बाजूस ठेवून म्होरक्यावर विसंबतो. कित्येकदा तोच वाट शोधून गाडी घराच्या दारी आणून उभी करतो.

परंतु ह्या जनावरांची दुसरीही बाजू आहे, आणि ती लपविणे बरे नाही. उपाशी ठेवलेले कुत्रे फार क्रूर होतात. ते आपसांत लढून एकमेकांस फाडतात, आणि प्रसंगी माणसांवरही पडतात. ज्या वस्तीत ते असत तेथे शेळी-मेंढी किंवा गाय टिकत नसे. त्यामुळे मुलांस दूध मिळत नसे; आणि दुधावाचून वाढलेल्या लेकरांची हाडे वाकत व क्षयाने त्यांस लवकर गाठावे. डॉ. ग्रेनफेल ह्यांनी हे आपल्या दवाखान्यात रोज पाहिले. म्हणून त्यांनी युरोपच्या उत्तरेतील लॅपलंडाहून ३०० रेनडिअर विकत आणविले. हे हरणाच्या जातीचे जनावर गाडी ओढते, दूध देते, आणि बर्फाखालचे शेवाळ उकरून आपले पोट आपणच भरते. इ.स. १९०८ च्या जानेवारीत हा कळप सेंट अँथनीजवळ उतरला. अशा प्रकारे कुत्र्यांच्या जागी दुसरे जनावर आणण्याची खटपट ज्या वर्षी चालू झाली, त्याच वर्षी डॉक्टरांस कुत्र्यांचे ते ऋण झाले, जे त्यांस कधी फेडता आले नाही. ते कसे घडले, ते ऐका.

इ.स. १९०८ मध्ये एप्रिलच्या १९ व्या तारखेस प्रभूच्या पुनरुत्थानाचा सण होता. सकाळची उपासना आटोपून डॉक्टर बाहेर पडतात तोच निरोप आला की, ६० मैल दक्षिणेकडून माणसे कुत्र्यांची गाडी घेऊन आली आहेत. दोन आठवड्यांपूर्वी ज्या तरुणाच्या मांडीच्या हाडावर शस्त्रक्रिया केली होती त्याची जखम घरच्यांनी बंद होऊ दिली होती, व आत पू साचून जिवावर बेतले होते. ६० मैल म्हणजे जवळजवळ १०० किलोमीटर. देऊळगाव राजाहून चिखलीवरून बुलढाण्यास जाण्याहूनही अधिक. डॉक्टरांनी औषधे व हत्यारे बांधली, आपले उत्तम आठ कुत्रे जुंपले, आणि त्याच दिवशी ते निघाले. ब्रिन हा त्यांचा म्होरक्या. त्याच्याबरोबर डॉक, स्पाय, मूडी, वॉच, सू, जेरी आणि जॅक नावाचा लहानसा काळा कुत्रा होता.

पहिली रात्र वाटेतील एका गावी काढली. रात्री पाऊस झाला व समुद्राकडून वारा सुटून खाडीतील बर्फ फुटला. सकाळी बरोबरची माणसे पुढे गेली, आणि डॉक्टर एकटेच मागून निघाले. किनाऱ्याने वळसा घालून जाणे सुरक्षित होते, परंतु लांबचे. रोग्याची चिंता मनात असल्यामुळे त्यांनी हेअर बे नावाची खाडी बर्फावरून सरळ ओलांडण्याचे ठरविले. मधल्या बेटापर्यंत ते नीट पोहोचले. तेथून पलीकडची जमीन अगदी जवळ आली असता वारा एकाएकी पडला. तेव्हा त्यांच्या लक्षात आले की, आपण चालतो आहो तो बर्फ अखंड नव्हे. लाटांनी कुटलेला चुरा केवळ वाऱ्याच्या दाबाने एकत्र राहिला आहे. आता तो सुटा होऊ लागला. कुत्रे बिचकून थांबले, आणि गाडी बुडू लागली. डॉक्टरांनी चाकू काढून दोऱ्या कापल्या, व म्होरक्याची दोरी मनगटास गुंडाळली. पुढच्याच क्षणी ते आणि कुत्रे त्या गोठणाऱ्या पाण्यात होते. कुत्र्यांच्या दोरीच्या आधाराने ओढत ओढत ते एका लहान तुकड्यावर चढले. टोपी, कोट, हातमोजे व गाडी ही सर्व गेली.

तो तुकडा फार वेळ टिकणारा नव्हता. थोड्या अंतरावर दुसरा मोठा तुकडा होता. कुत्र्यांनी तिकडे पोहून जावे व त्यांच्या दोरीने आपण ओढले जावे, असा बेत डॉक्टरांनी केला. परंतु पुन्हा त्या पाण्यात उतरण्यास एकही कुत्रा धजेना. तेव्हा त्यांस लहानग्या जॅकची आठवण झाली. फेकलेली वस्तू आणून देण्यास तो शिकलेला होता. डॉक्टरांनी बर्फाचा एक खडा त्या मोठ्या तुकड्यावर फेकला, आणि जॅकने उडी घेतली. त्यास पलीकडे गेलेला पाहून इतरही गेले, व त्यांच्या दोऱ्यांनी डॉक्टर तेथे पोहोचले. पण तो तुकडाही सुमारे १० फूट रुंद व १२ फूट लांब एवढाच होता. आता वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागला, आणि तो हिमाचा तराफा मनुष्यास व आठ कुत्र्यांस घेऊन उघड्या महासागराकडे चालला.

अंगावर ओले व अपुरे कपडे, जवळ अन्न नाही, आगकाड्या भिजलेल्या, आणि रात्र पुढे उभी. डॉक्टरांनी आपल्या कातडी बुटांचा वरचा भाग कापून पाठीस बांधला. परंतु तेवढ्याने रात्र निभणार नाही हे वैद्य असल्यामुळे त्यांस स्पष्ट कळत होते. तेव्हा त्यांनी आपल्या कुत्र्यांकडे पाहिले. हे आठही जीव वर्षानुवर्षे त्यांच्या हाकेस धावलेले. त्याच दिवशी त्यांनी त्यांस दोनदा पाण्याबाहेर काढलेले. त्यांपैकी तिघांना मारून त्यांची कातडी पांघरल्यावाचून गत्यंतर नव्हते. मूडी, वॉच व स्पाय हे ते तीन. एकेकास धरून त्यांनी हृदयात चाकू घातला. त्या झटापटीत एक जण त्यांस चावलाही. मग त्यांनी कातडी सोलून केसाळ बाजूने अंगाभोवती गुंडाळली, मेलेल्या कुत्र्यांची शरीरे वाऱ्याच्या आडोशास रचली, आणि सर्वांत थोर अशा डॉकला कवटाळून ते पडून राहिले. उरलेले पाच कुत्रे त्यांच्याभोवती निजले. ज्याने आपल्या सोबत्यांस मारले त्याच्या उबेस ते आले, आणि त्यांची ऊब त्याला मिळाली.

पहाटे थंडीने जागे होऊन डॉक्टरांनी मेलेल्या कुत्र्यांचे गोठलेले पाय दोरीने एकास एक बांधून काठी तयार केली, तिच्या टोकास आपला सदरा लावला, व ते निशाण ते हातांत बळ होते तोवर हलवीत राहिले. आदल्या सायंकाळी किनाऱ्यावर सीलचे मांस काढण्यास गेलेल्या काही कोळ्यांस दूर बर्फावर काहीतरी दिसले होते. त्यांनी गावात सांगितले, दुर्बिणीतून पाहिले, व तो मनुष्य आहे अशी त्यांची खात्री झाली. रात्री नाव हाकारणे अशक्य होते. उजाडताच पाच कोळी बर्फाच्या फटींतून नाव घुसवीत, जिवावर उदार होऊन निघाले, आणि त्यांनी डॉक्टरांस व पाच कुत्र्यांस सुखरूप आणले. डॉक्टरांचे हातपाय हिमाने इतके बधिर झाले होते की त्यांस चालता येईना. त्यांना गाडीवर घालूनच इस्पितळात न्यावे लागले. ज्या तरुणासाठी ते निघाले होते त्यास, बर्फ निघून गेल्यावर, नावेतून तेथेच आणण्यात आले. त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली व तो बरा झाला.

पुढे डॉ. ग्रेनफेल ह्यांनी आपल्या घरात धातूची एक पाटी बसविली. तीवर मूडी, वॉच व स्पाय ही तीन नावे, त्यांचे प्राण आपल्यासाठी गेले ही कबुली, आणि १९०८ च्या एप्रिलची २१ वी तारीख कोरली आहे. ते घर आजही सेंट अँथनी येथे जपून ठेविले आहे.

ही कथा सांगताना उपदेशक बंधूंनी एका गोष्टीची काळजी घ्यावी. ह्या कुत्र्यांची तुलना आपल्या तारणाऱ्याशी करण्याचा मोह होतो. परंतु ती बरोबर नाही. प्रभूने आपला प्राण आपण होऊन दिला. कुत्र्यांनी तो दिला नाही. तो त्यांच्यापासून घेण्यात आला, आणि ज्या हातावर त्यांचा विश्वास होता त्याच हाताने घेतला. डॉक्टरांनीही हे झाकून ठेविले नाही. इ.स. १९०९ मध्ये त्यांनी त्या प्रसंगावर लहानसे पुस्तक लिहिले, आणि त्यात चाकू कोणाच्या हातात होता हे स्पष्ट सांगितले. म्हणून त्या पाटीचा धडा लहान, परंतु अवघड आहे. आपले जगणे कोणाच्या खर्चाने चालले आहे हे विसरू नये. आणि ज्यास बोलता येत नाही त्याचे ऋण आपणच आपल्या हाताने लिहून ठेवावे.

डॉक्टरांच्या उर्वरित आयुष्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. इ.स. १९०९ मध्ये त्यांचा विवाह अॅन मॅक्लानहन ह्या अमेरिकन बाईंशी झाला, व बाईंनी त्यांच्या कामास वाहून घेतले. इ.स. १९१४ मध्ये त्या कामाकरिता स्वतंत्र संस्था स्थापन झाली. रेनडिअरचा कळप प्रथम वाढून हजाराच्या वर गेला. परंतु पहिल्या महायुद्धाच्या काळात चोरट्या शिकारीमुळे व राखणीच्या अभावी तो प्रयोग फसला. कुत्रेच पुन्हा गाड्या ओढीत राहिले. इ.स. १९२७ मध्ये सेंट अँथनी येथे नवीन पक्के इस्पितळ उघडले, व त्याच वर्षी राजाने डॉक्टरांस सर ही पदवी दिली. इ.स. १९४० च्या ऑक्टोबरच्या ९ व्या तारखेस अमेरिकेतील व्हरमाँट संस्थानात त्यांचे देहावसान झाले. त्यांची रक्षा सेंट अँथनीच्या टेकडीवरील खडकात, पत्नीच्या रक्षेशेजारी ठेविली आहे. इ.स. १९४९ मध्ये तो मुलूख कॅनडात सामील झाला, आणि इ.स. १९८१ मध्ये त्यांच्या संस्थेची इस्पितळे तेथील सरकारच्या हाती गेली. बर्फावर चालणाऱ्या यंत्रगाड्या आल्यापासून ओढीचे कुत्रेही तेथे थोडेच उरले आहेत.

आपल्याकडेही ट्रॅक्टर आला आहे, व पुष्कळांच्या गोठ्यांत बैल राहिला नाही. ज्यांच्याकडे अजून आहे त्यांस पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांद शेकताना त्या मानेवरचा घट्टा हातास लागतो. शास्त्र सांगते की, नीतिमान मनुष्य आपल्या जनावराच्या जिवाकडे लक्ष देतो. ते लक्ष वर्षातून एक दिवसाचे नसावे. आज सायंकाळी जू उतरल्यावर बैलास आधी पाणी दाखवा, मग आपण हातपाय धुवा. आणि रात्रभर तुमचे दार राखणाऱ्या मुक्या जिवास शिळी का होईना, पण पोटभर भाकरी घाला.